नदी दिसली नाही, या तक्रारीबद्दल

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप: दोन दिवस फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागात राहूनही मिसिसिपी दिसली नाही, लेखातली ‘वेस्ट बँक’, म्हणजे नदीचा पश्चिम काठ, नकाशात पूर्वेला निघाली, आणि गंबो हा तिथला रस्सा बुळबुळीत होता.

पहिल्यात चूक माझीच. कुठून चढायचं ते लिहायचं राहिलं. हो, चढायचंच. नाशिकला किंवा वाईला नदीवर जायचं तर घाट उतरावा लागतो, न्यू ऑर्लिन्सला उलटं. पुराचा गाळ हजारो वर्षं काठालगत आधी बसत गेला, म्हणून नदीजवळची जमीन सगळ्यात उंच आणि तिथून मागे पाँचरट्रेन तळ्याकडे उतार. त्यात काठावर बांध. रस्त्यावरून पाणी दिसणार कसं? वसंतात नदी फुगली की जहाजाचा नुसता वरचा मजला बांधावरून सरकताना दिसतो. मागचा सखल भाग मुळात दलदल. विसाव्या शतकात पंप लावून ती उपसली, तशी माती सुकून खचली आणि शहराचा साधारण निम्मा भाग समुद्रसपाटीखाली गेला. पावसाचं पाणी आजही उपसूनच बाहेर काढतात. 29 ऑगस्ट 2005 ला कटरिना वादळात कालव्यांच्या भिंती फुटल्या, सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेलं. क्वार्टर बहुतांशी वाचला तो या उंचवट्यामुळे.

तर जॅक्सन स्क्वेअरला कॅथेड्रलकडे पाठ करा, डिकेटर स्ट्रीट ओलांडा, पायऱ्या चढा, रेल्वेचे रूळ पार केले की मूनवॉक, म्हणजे नदीकाठची फिरायची वाट. समोर नदी. त्याहून मजा कॅनॉल स्ट्रीटच्या टोकावरून पलीकडच्या काठावरच्या अल्जिअर्सला जाणाऱ्या फेरीबोटीत: भाडं 2 डॉलर, काही मिनिटांचा प्रवास, सुटे जवळ ठेवा. अल्जिअर्स पॉइंटला पात्र एकदम वळतं, खोली सुमारे 200 फूट. वळणापलीकडून काय येतंय ते कप्तानाला दिसत नाही, म्हणून पाणी चढलं की जहाजांसाठी चक्क तांबडे-हिरवे सिग्नल चालू होतात.

दिशांचा घोळही या वळणाचाच. नदी एकूण उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, म्हणून तिचा उजवा काठ कायम ‘वेस्ट’, मग शहरात ती कुठेही वळो. सूर्य वेस्ट बँकेवर उगवतो, ही तिथली जुनी गंमत. रस्ता विचारलात तर पूर्व-पश्चिम कुणी सांगणार नाही. ‘नदीच्या बाजूला’, ‘तळ्याच्या बाजूला’, ‘अपटाउन’ म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, ‘डाउनटाउन’ म्हणजे खालच्या. हे चार शब्द नकाशापेक्षा कामाचे.

गंबोबद्दल मात्र माघार नाही. त्याचं नावच आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या शब्दावरून आलंय. भेंडी आधी तार जाईपर्यंत तेलात परतायची, मग रश्श्यात सोडायची. मराठी घरात हे वेगळं सांगायला नको. परतायचा कंटाळा केला की तुमच्या वाट्याला आला तसा चिकट रस्सा. नकोच असेल तर ‘फिले’ गंबो मागा. त्यात भेंडीऐवजी सॅसाफ्रासच्या वाळवलेल्या पानांची पूड असते. ती आच बंद केल्यावरच घालतात, उकळत्या रश्श्यात पडली तर तिलाही तार सुटते.