माती म्हणजे निसर्ग नव्हे: घोड्यांवरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

रेसच्या घोड्यांचे पाय आणि पायाखालचा ट्रॅक यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगली दणकट प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्यांना ती खाली जाऊन शोधावी लागू नये म्हणून थोडक्यात इथे देतो. तुमचं म्हणणं असं, की घोड्यांच्या मृत्यूचं खापर ट्रॅकच्या मातीवर फोडून मी मालकांना आणि ट्रेनरना मोकळं सोडलं. घोडे मरतात ते हावेमुळे आणि इंजेक्शनांमुळे. माती खरंच गुन्हेगार असती तर सगळ्यांनी सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम मालाचे ट्रॅक टाकून विषय संपवला असता. आणि नागपुरात रेसकोर्स नाही, मग इथे बसून ही पंचाईत कशाला? जाता जाता एक टोलाही हाणलात: हिंमत असेल तर शंकरपटावर, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतींवर लिहा.

हावेबद्दल माझं तुमच्याशी भांडणच नाही. उलट तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला तुम्ही दिलाच नाहीत, तो मी देतो. न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्विडक्ट ट्रॅकवर २०११-१२ च्या हिवाळ्यात २१ घोडे गेले. राज्याने चौकशी समिती नेमली. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, ट्रॅकच्या आवारात कॅसिनो सुरू झाला होता आणि त्याच्या पैशातून शर्यतींची बक्षिसं भराभर वाढली होती. तिकडे 'क्लेमिंग' नावाच्या शर्यती असतात. त्यात उतरलेला प्रत्येक घोडा ठरल्या किमतीला विकाऊ असतो, कुणीही पैसे भरून तो नेऊ शकतो. घोड्याच्या किमतीच्या मानाने बक्षीस इतकं फुगलं, की दुखरा घोडा तबेल्यात बसवून ठेवण्यापेक्षा पळवणंच परवडायला लागलं. त्याच्या कोणत्या सांध्यात कधी सुई टोचली होती, याचा कागद नव्या मालकाच्या हाती येतच नसे.

तर हाव आहे. पण ती हाडापर्यंत पोचते कशी, हे बघितल्याशिवाय नुसतं 'हाव हाव' करून काही हाती लागत नाही.

पशुवैद्यक शिकताना घोड्याच्या पुढच्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचं लांब हाड, उभी कापलेली बघायला मिळते. तिच्या खालच्या टोकाला, जिथे घोट्याचा सांधा होतो, दोन गोलसर उंचवटे असतात आणि मधून एक कड जाते. कडेच्या दोन्ही अंगांना उथळ खाच असते. शर्यतीत न पळालेल्या घोड्याच्या हाडात या भागात आतली जाळी मोकळी दिसते. रेसच्या घोड्यात तीच जाळी भरून येते, हाड घट्ट आणि पांढरंफेक होतं. बघणाऱ्याला वाटतं, वा, मजबूत झालं. झालेलं असतंही. पण त्या घट्टपणाला हद्द असते. हाड फार ताठ झालं की धक्का पचवेनासं होतं, आणि खाचेच्या तळाशी बारीक चिरा साठत जातात. नळीचं मोठं फ्रॅक्चर बहुतेक वेळा त्याच खाचेतून सुरू होऊन वर चढतं.

चिरा पडणं हा काही रोग नाही, पळणाऱ्या कुठल्याही प्राण्याच्या हाडात त्या पडतात. शरीर खराब झालेलं हाड खरवडून काढतं आणि जागी नवं भरतं. गोम अशी, की खरवडण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं आणि भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाडात खरोखरची भोकं असतात. म्हणूनच विश्रांतीवरून परत आणलेला, तुकतुकीत दिसणारा घोडा एकदम भरधाव पळवणं धोक्याचं. आता तुमची इंजेक्शनं. लंगडणं ही घोड्याची एकमेव तक्रार, ती सुई टोचून बंद केली की चीर वाढत राहते आणि ऐकायला कुणीच नसतं. तुमचा मुद्दा इथे शंभर टक्के बसतो.

मग मातीचा संबंध काय? साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी पूर्ण वेगात असताना एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार येतो, आणि हे सेकंदाला दोनाहून जास्त वेळा होतं. खूर टेकतो, किंचित घसरतो, मग पूर्ण वजन येतं, मग पुढचं टोक मातीत रोवून घोडा स्वतःला ढकलतो. ते किंचित घसरणं फार मोलाचं असतं, त्यात धक्क्याचा बराच भाग विरतो. (नालेच्या पुढच्या टोकाला पकड यावी म्हणून उंच पट्टी ठोकायची पद्धत अमेरिकेत होती. तिने नेमकं हे घसरणंच मारलं. आता तिच्यावर बंधनं आहेत.) माती टणक असेल तर धक्का जास्त, फार भुसभुशीत असेल तर पाय खोल जातो, स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे ताणतात. पण सगळ्यात वाईट म्हणजे एकसारखी नसलेली माती. नागपूरच्या जामठा मैदानाची २०१५ ची खेळपट्टी आठवा, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची. तिसऱ्या दिवशी कसोटी खलास, आयसीसीचा 'पुअर' शेरा. चेंडू सतत वळत असता तर बॅट्समनने जुळवून घेतलं असतं, पण एक वळतो आणि पुढचा सरळ घुसतो तेव्हा पाय अडकतो. घोडाही पायाखालच्या जमिनीचा अंदाज मागच्या ढांगेवरून बांधतो.

आता सँटा अनिता, माझ्या लेखातलं ते उदाहरण, ज्याच्यावरून तुम्ही मला सर्वात जास्त झोडपलंत. कॅलिफोर्नियातला हा ट्रॅक डर्टचा, म्हणजे खाली दाबून बसवलेला कडक थर आणि वर काही इंच वाळू-माती. पाऊस येणार म्हटलं की वरचा थर रोलरने दाबून 'सील' करतात, म्हणजे पाणी वरच्यावर वाहून जातं. उघडीप झाली की पुन्हा वखरून मोकळा करायचा. २०१८-१९ च्या हिवाळ्यात तिथे नेहमीपेक्षा खूप जास्त पाऊस झाला आणि हे दाबणं-वखरणं पुन्हा पुन्हा करावं लागलं. घोडे पटापट गेले. मार्चमध्ये शर्यती थांबवल्या आणि जमिनीच्या आतलं दाखवणारं रडार लावून ट्रॅक तपासला.

पुढच्या वर्षी राज्याच्या रेसिंग मंडळाचा २३ मृत्यूंवरचा अहवाल आला. २२ घोडे हाडा-सांध्याच्या इजेने गेले होते, आणि त्यातल्या २१ जणांमध्ये मोडलेल्या जागी आधीपासूनच बिघाड सापडला. तुम्ही म्हणाल, बघा, माझंच खरं. थांबा. त्याच अहवालात आहे की बेकायदा औषधाचा पुरावा मिळाला नाही. आणि सुमारे ३९ टक्के मृत्यू पावसाने बिघडलेल्या ट्रॅकवर झाले. म्हणजे हाड आधीच तयार होतं मोडायला, आणि ते कोणत्या दिवशी मोडणार हे ठरवण्यात ट्रॅकचा हात होता. त्या दिवशी शर्यती घ्यायच्या का, रोलर किती वेळा फिरवायचा, सकाळच्या सरावाला ट्रॅक उघडायचा का, हे पावसाने ठरवलेलं नाही. पगारी माणसांनी ठरवलंय. मातीला दोष देणं म्हणजे कुणालाच दोष न देणं, हे तुमचं गृहीतक मला पटत नाही ते यामुळे. मालकाची नियत मोजायला यंत्र नाही. मातीचा ओलावा आणि कडकपणा उद्या सकाळी सहा वाजता मोजता येतो, आणि मोजला नाही तर का नाही मोजला हे विचारताही येतं.

सिंथेटिकचं सांगतो, कारण तिथे तुमचा तर्क ऐकायला छान आणि इतिहासात उलटा आहे. वाळू, धागे, रबराचे तुकडे आणि त्यावर मेणाचा थर, असा तो माल. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये मोठ्या ट्रॅकना तो सक्तीचा केला. अमेरिकेच्या जॉकी क्लबच्या, म्हणजे रेसच्या घोड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदी बघा: सगळे ट्रॅक मिळून २००९ साली, घोडे शर्यतीत उतरले त्या दर हजार वेळांमागे २ मृत्यू होते, २०२२ साली १.२५. आणि सिंथेटिकचा आकडा डर्टपेक्षा वर्षानुवर्षं खालीच राहिला. तरीही सँटा अनिता २०१० च्या डिसेंबरात डर्टवर परतली, आणखी दोन अमेरिकन ट्रॅकही परतले: कीनलँड २०१४ मध्ये, डेल मार २०१५ मध्ये. कारणं होती. सँटा अनिताच्या पहिल्या सिंथेटिक ट्रॅकमधून पावसाचं पाणी मुरेना, २००८ मध्ये शर्यती रद्द कराव्या लागल्या. उन्हाने मेण मऊ पडतं, सकाळचा ट्रॅक दुपारी वेगळाच लागतो. (आपल्या मे महिन्यात त्या मेणाचं काय होईल ते सांगायला नको.) मागच्या पायांच्या आणि स्नायूंच्या दुखण्यांच्या तक्रारी वाढल्या. पण माझ्या मते खरं कारण दुसरं. केंटकी डर्बी ही तिकडची सगळ्यात नावाजलेली शर्यत डर्टवर होते, पैदाशीचा बाजार डर्टवरच्या वेगावर चालतो, आणि पैज लावणाऱ्यांना जुनी गणितं हवी होती. तुमची हाव इथेही सापडली की नाही? फक्त ती सिरिंजमध्ये नसून ट्रॅकच्या टेंडरात आहे.

आपल्या देशात शर्यती बहुतांशी गवतावर होतात. मुंबईच्या महालक्ष्मीला हिवाळ्यात, पुण्याला पावसाळ्यात. वजन सोडून जमिनीत किती रुततं हे पेनेट्रोमीटरने मोजतात आणि तो आकडा शर्यतीच्या दिवशी जाहीर होतो. पैज लावणारे तो घोड्याच्या चालीचा अंदाज बांधायला वाचतात. मला तो दुसऱ्या कारणासाठी वाचावासा वाटतो. घोड्याच्या बाजूने काय करता येतं हेही दिसलंय: ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या मेलबर्न कप शर्यतीत अँथनी व्हॅन डाइक नावाचा घोडा गेला, आणि २०२१ पासून त्या शर्यतीला उतरणाऱ्या घोड्यांच्या पायांचं सीटी स्कॅन सक्तीचं झालं. लंगडण्याची वाट न बघता चीर शोधायची. खर्चिक आहे, पण बक्षिसाची रक्कम बघता रडण्यासारखं काही नाही.

आणि नागपूर. रेसकोर्स नाही, मान्य. पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, काळी माती आहे, आणि दोन तासांच्या अंतरावर पट भरतात. तेवढं मला पुरतं.

शंकरपटावर लिहीन. २०१४ च्या बंदीपासून १८ मे २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आपल्याकडे फक्त 'हो की नाही' एवढंच बोललं गेलं. पळायच्या पट्ट्याला आदल्या दिवशी पाणी दिलं होतं का, पहिल्या जोडीच्या वेळची माती आणि संध्याकाळच्या शेवटच्या जोडीच्या वेळची माती यात किती फरक पडला, तीच जोडी महिन्याभरात किती गावांच्या पटांत पळाली, हे विचारताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी आपली माती या कामाला तशीही वाईटच. शिवाय बैलाचा खूर दोन भागांत फाटलेला, घोड्याचा एकसंध, त्यामुळे वर लिहिलेलं जसंच्या तसं तिकडे चालणार नाही, नव्याने बघावं लागेल. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही भंडाऱ्याकडचे वाटता. पट भरवणाऱ्या कुणाशी ओळख असेल तर येत्या संक्रांतीनंतर मला घेऊन चला. ओलावा मोजायचं यंत्र मी आणतो, जोड्या कुणाच्या आणि आधी कुठे पळून आल्या याची चौकशी तुम्ही करा.