मामीची पाण्याची कॅन

आज सकाळी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "मागच्या नाल्यावर स्लॅब टाकायला सांगू, वास बंद होईल आणि वर पार्किंग पण निघेल." खाली धडाधड अंगठे. चहा तसाच राहिला माझा.

नाला??? अहो, जिच्या नावावरून आपल्या गावाला नागपूर म्हणतात ती नाग नदी आहे ती! लाव्याच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरी तलावात थांबते, मग सीताबर्डी, अशोक चौक, जगनाडे चौक करत पार पारडीकडे जाते. शहरातच सतराएक किलोमीटर. आणि आपण तिला ओळखतो कशावरून, तर पुलावर आलं की नाकाला रुमाल लागतो यावरून.

वास येतो, मान्य. मे महिन्यात माझीही खिडकी बंदच असते. पण तो वास नदीचा आहे का? आपलाच आहे ना तो!

मागच्या उन्हाळ्यात मामाकडे गेले होते, आंभोऱ्याच्या पलीकडे, भंडारा जिल्ह्यात. उन्हातून आले, सवयीने माठाकडे हात गेला तर मामीने ग्लासच काढून घेतला. "त्यातलं नको पिऊ बाई, तुयासाठी कॅन आणली." कोपऱ्यात वीस लिटरची निळी कॅन, वर स्टीलची वाटी पालथी. घरचे सगळे माठातलं पितात आणि नागपूरच्या भाचीसाठी विकतचं पाणी. मी हसत विचारलं काऊन, तर ती सहज बोलून गेली, "तुमच्याच घरून येते न ते."

टोमणा नव्हता हो तो. म्हणूनच जास्त लागला.

कारण खरंच आपल्याच घरून जातं ते. नाग पुढे पिवळी नदीला मिळते, मग कन्हान, मग आंभोऱ्याला वैनगंगा. लहानपणी तिथे डोंग्यातून पलीकडे जायचो. ढिवर मामा बांबूने डोंगा रेटायचे, मी हात पाण्यात सोडून बसायची, तळाची वाळू दिसायची, आणि आजी ओरडायची की पडशील म्हणून. दोन्ही काठांना सपाट रान, धानाच्या बांध्या, मधे एखादं मोहाचं झाड. तहान लागली की तेच पाणी ओंजळीने प्यायचो. आता तिथे मोठा केबलचा पूल झालाय, लोक सेल्फी काढायला जातात. खाली गोसीखुर्द धरणाचं पाणी तुंबलेलं. धरण नको होतं असं म्हणत नाही मी, धानाला पाणी लागतंच. पण आधी आपली घाण निदान वाहून तरी जायची, आता ती तिथेच मुक्कामाला असते, मामीच्या दारात.

आणि कोणी मला भांडेवाडीच्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं सांगू नका. माहीत आहे, तिथलं साफ केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, चांगलंच आहे. पण मग उरलेलं काळं पाणी पारडीच्या पुढे कुठून येतं? नदी सुधारायला जपानकडून कर्ज काढायचं हेही किती वर्षं ऐकतोय. दर उन्हाळ्यात पोकलेन उतरतं, गाळ काढून काठावर ठेवतं, पहिल्या पावसात गाळ परत आत. 😡

स्लॅब म्हणे! २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र विसरले का हे लोक? चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, आपल्याच पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, ज्याने आज मेसेज टाकला त्याचीच गाडी गेटपर्यंत तरंगत आली होती आणि आम्ही चौघांनी दोरीने बांधून ठेवली होती. त्या रात्री नदीला जायला जागा हवी होती, ती आपण आधीच दाबून ठेवली होती, आता वरून झाकण पण लावायचंय.

जाऊ दे. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "तो नाला नाही, नाग नदी आहे." दोन तासांनी सेक्रेटरींचं उत्तर आलं, "मॅडम, नदी असो की नाला, पार्किंगचं काय?"

आत्ता हे टाईप करतानाच मामीचा फोन आला, दिवाळीत येतेस का म्हणून. येते म्हटलं.

"मंग आधी सांगजो," ती म्हणाली, "कॅनवाल्याले सांगा लागते."