भाच्याची हाजरी

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या एका घड्याळाच्या दुकानाच्या तीन पायऱ्या. समोर सेव-उसळची लारी. संध्याकाळी सातला चौघं जमतो: मी, मास्तर, बापू आणि शेठ. मास्तर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. बापू वकील. शेठ खरा कोकणस्थ, पण कॉलेजच्या गेटासमोर झेरॉक्सचं दुकान आहे आणि परीक्षेच्या आधी 'आयएमपी'चे, म्हणजे महत्त्वाच्या प्रश्नांचे गठ्ठे खपवतो, म्हणून शेठ.

परवा बापूंनी भाच्याला सोबत आणलं होतं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, मियागाम-करजणहून रोज अपडाऊन. हाजरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडकला होता आणि कॉलेजनं पालकाला बोलावलं होतं. आईवडिलांना जमेना, म्हणून मामा.

"शिस्त नाही. दुसरं काही नाही," बापूंनी बसायच्या आत निकाल दिला.

"शिस्त कसली? बारावीचे टक्के बघ," शेठ म्हणाला. "येताना हुशार तो जातानाही हुशार. मी काउंटरवरून ओळखतो. ज्याची वही झेरॉक्सला येते तो पास. जो दुसऱ्याच्या वहीची झेरॉक्स न्यायला येतो त्याचं देव जाणे."

"वही कुणाची येते?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या बाकावरच्या मुलीची."

"आणि नेणारे किती?"

"चाळीस तरी."

"म्हणजे त्या वर्गातले चाळीस जण तिला ओळखतात. ती पास होते ती नुसती टक्क्यांवर कशावरून?"

शेठला हे पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. त्यानं लारीवाल्याला उसळीवरची तरी जास्त टाकायला सांगितलं.

मास्तर भाच्याकडे वळले. "तुला नावानं ओळखणारे सर किती, सांग बरं."

पोरगं खरंच बोटं मोजायला लागलं. अंगठ्यावरच थांबलं. "एक. पण ते सर नाहीत, लॅबमधले भाई आहेत. मी ब्यूरेट फोडली होती."

सगळे हसलो. पोरगं हसलं नाही. मग हळूहळू बोलता झाला. बारावीपर्यंत गुजराती माध्यम, इथं सगळं इंग्रजीत. शंका आधी गुजरातीत डोक्यात येते, तिचं इंग्रजी जुळवेपर्यंत सर फळा पुसून पुढच्या प्रकरणात. प्रॅक्टिकल संपलं की स्टेशन गाठायचं, कारण पुढची मेमू लोकल पकडली तर घरी जेवायला नऊ. पहिल्या वर्षी नाटकात घेत होते, पण तालमी संध्याकाळी. कॉलेजात लेक्चर सोडून कधी बसलाच नाही. "बसू कुठे?" असं त्यानंच आम्हाला विचारलं.

मास्तर इथं तापले. तापले की त्यांना अमेरिका आठवते. म्हणाले, अलेक्झांडर अ‍ॅस्टिन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९८४ साली एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधं: विद्यार्थी कॉलेजात स्वतःचा किती वेळ आणि किती जीव ओततो, त्यावर त्याचं शिकणं ठरतं. आणि समाधानाचं म्हणाल तर शिक्षकांशी वारंवार बोलणं-भेटणं याचा संबंध त्याला सगळ्यात घट्ट दिसला, बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा घट्ट.

"तिकडे हॉस्टेल असतं, मास्तर," बापू म्हणाले. "मुलं तिथंच राहतात, तिथंच खातात. आमचा मेमूत उभा राहून येतो. काय ओतणार? घाम?"

"तेच तर तो म्हणतो. हॉस्टेलमध्ये राहणारी मुलं शिक्षण कमी सोडतात, हे त्यानं १९७५ सालीच मांडलं होतं."

"मग द्या हॉस्टेल! जागा आहे?"

जागा हा शब्द आला आणि बापूंचा सूर बदलला. म्हणाले, "या गावात जागेचं मला सांगू नका. सयाजीरावांनी बाबासाहेबांना १९१३ साली कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तो माणूस शिकून १९१७ साली इथं नोकरीला आला आणि त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेतून बाहेर काढलं. कामाटी बागेत झाडाखाली बसून रडला आणि परत गेला. पैसे होते, विद्या होती, मागे महाराज होते. जागा नव्हती."

लारीवर कढईत उलथणं फिरत होतं, तेवढाच आवाज.

"आता तसं नाही," शेठ म्हणाला, पण जरा दबक्या आवाजात.

"नाही? माझ्या पक्षकाराची मुलगी पीजी म्हणून राहायला खोली शोधत होती. तीन ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग भाडं सांगितलं. चौथ्या ठिकाणी आडनाव ऐकून खोली भरली म्हणाले. ती आता आणंदहून अपडाऊन करते. तिची हाजरी कमी पडली की तिलाही शिस्त शिकवतील." बापूंच्या लक्षात आलं की सुरुवातीला शिस्तीचा मुद्दा त्यांनीच काढला होता. भाच्याकडे न बघता त्यांनी पाव मोडला.

मला विचाराल तर त्या संध्याकाळचं खरं भांडण इथं मिटलं होतं. पण कट्टा मिटत नाही. शेठनं बाजू बदलली. म्हणाला, यश वेगळं आणि खुशी वेगळी. त्याच्याकडे एक मुलगा येतो, राहिलेल्या विषयांच्या दोन एटीकेट्या डोक्यावर, पण फेब्रुवारीतल्या एकांकिकेची पत्रकं छापताना असा उड्या मारतो की बघत राहावं. आणि पहिला नंबरवाली वही देताना कायम कपाळाला आठ्या. "नॅकच्या त्या सर्व्हेत दोघांनी काय भरलं असेल?"

नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था. तिचं मूल्यांकन आलं की मुलांकडून ऑनलाइन समाधान-सर्वेक्षण भरून घेतात, शिकवण्याबद्दल एकवीस प्रश्न. भाच्यानं तो फॉर्म प्लॅटफॉर्मवर उभं राहून भरला होता. सगळीकडे चार, म्हणजे पैकीच्या पैकी. "गाडी आली होती, काका." मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला, आयुष्यभर आकडे शिकवलेल्या माणसाला हे सांगू नये.

"सोडलं तरी आता फार बिघडत नाही म्हणतात," बापू म्हणाले. "२०२० च्या धोरणात एका वर्षानं बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा."

"बाहेर पडायची दारं केली हे चांगलंच," मास्तर म्हणाले. "पण आत थांबायला बाक कुठंय? फाइन आर्ट्सची मुलं बघा. फेअर जवळ आली की मास्तर आणि पोरं एकाच मांडवात बांबू बांधतात. त्यांना कुणी हाजरीसाठी पालक आणा म्हणतं का?"

"फाइन आर्ट्सला शंभर गणितं सोडवायची नसतात," शेठ. हेही खरंच.

मग मी माझं सांगितलं. इतका वेळ उसळ खात होतो, कारण माझं ऐकून सगळे कंटाळलेत. बी.कॉम.ला मीही फार हुशार नव्हतो. दुसऱ्या वर्षी आमच्या लायब्ररीयननं दुपारी दोन तास कामाला ठेवलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवायची, खिशात कार्ड घालायचं. खळ वाटीत असायची, बोटांना सुकून पापुद्रे निघायचे. पैसे किरकोळ. पण दोन तास संपल्यावर घरी जायच्या ऐवजी मी तिथंच बसायचो, कारण खुर्ची माझी झाली होती. अकाउंटचे सर पुस्तक परत करायला यायचे तेव्हा नावानं हाक मारायचे. एकदा विचारलं, बॅलन्स शीट जुळते का रे? नाही म्हणालो. तिथंच कार्डाच्या ड्रॉवरवर कागद ठेवून जुळवून दाखवली. बँकेत तेहतीस वर्षं काढली, पण ती बॅलन्स शीट अजून डोळ्यांपुढे आहे.

"बघा!" मास्तर गुडघ्यावर थाप मारत म्हणाले. "हेही अ‍ॅस्टिननं नोंदवलंय. कॉलेजच्या आतलं अर्धवेळ काम मुलाला टिकवतं. बाहेरची पूर्णवेळ नोकरी उलटी नुकसान करते."

भाचा पहिल्यांदाच सरळ बसला. "काका, लायब्ररीत अजून देतात असं काम?"

मला काय माहीत? आता बारकोड असतो, खळ नसते. मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

"माझ्याकडे ये," शेठ म्हणाला. "चार ते सहा. मशीनवर उभा राहा, बाइंडिंग शीक. सगळ्या वर्गाच्या वह्या हातात येतील. सहानंतरच्या मेमूनं जा. तुझ्या आईशी मी बोलतो."

"अरे पण ते कॉलेजच्या बाहेरचं काम झालं," मास्तर म्हणाले. "सिद्धान्तात बसत नाही."

शेठनं वाटी खाली ठेवली. "बाहेरचं? मास्तर, माझं दुकान गेटापासून वीस पावलांवर आहे."

"गेटाच्या बाहेर ना?"

"अहो, मधल्या सुट्टीत निम्मं कॉलेज माझ्या ओट्यावर असतं! तुमचे सर लोकसुद्धा पेपर माझ्याकडेच झेरॉक्स करतात."

"पेपर? परीक्षेचे?" बापूंमधला वकील जागा झाला.

"जुने, हो! जुने!"

मास्तर मात्र पावलांवरच अडले होते. वीस नसतील, तीस तरी असतील म्हणाले. उद्या चार वाजता मोजायचं ठरलं आहे. भाचा येणार आहे, आणि प्रॅक्टिकल बुडवून यायचं नाही, असं त्याला तिघांनी तीनदा बजावलंय.