उणे एक

ऋण काढून सण साजरा करू नये, या शिकवणीत वाढलेल्या माणसाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःची पत सिद्ध करावी लागेल, असे मला वाटले नव्हते. मी आजवर कोणाचा एक रुपयाही बुडवलेला नाही. याचे मुख्य कारण असे, की कोणाकडून एक रुपयाही घेतलेला नाही. अंथरूण पाहून पाय पसरण्यात मी इतका पारंगत झालो होतो, की पुढे पुढे अंथरुणाकडे न बघताच पाय आखडून घेऊ लागलो. अशी उज्ज्वल पार्श्वभूमी घेऊन मी घरासाठी कर्ज मागायला एका बँकेत गेलो.

कर्ज विभागातील तरुण अधिकाऱ्याने पॅन क्रमांक संगणकात घातला आणि पडद्याकडे बघत तो बराच वेळ गप्प राहिला. लोक ज्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात तो क्रेडिट स्कोअर 300 ते 900 यांच्या दरम्यान असतो आणि 750 च्या वर गेला की बँकांची कळी खुलते, एवढे मी वाचून गेलो होतो. त्यामुळे माझ्या योग्यतेचा आकडा 900 मध्ये मावत नसल्याने यंत्र अडले असावे, अशी माझी समजूत झाली.

“सर, तुमचा स्कोअर उणे एक आहे,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

शाळेत गणिताने मला अनेकदा शून्यापर्यंत नेले होते, पण त्याखाली उतरण्याची वेळ कधी आली नव्हती. उणे एक म्हणजे वाईट नव्हे, तर कर्जाचा इतिहासच नाही, असे त्याने समजावून सांगितले. हा स्कोअर माणसाची शिल्लक मोजत नाही, पगार मोजत नाही आणि सचोटीशी तर त्याची ओळखच नाही. उचललेले पैसे ठरल्या तारखेला परत केले का, कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, कर्जाचे व्यवहार किती जुने आहेत आणि अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, हे मुख्यतः तो पाहतो.

“तुम्ही पैसे परत कराल, हे आम्ही कशावरून मानायचे?”

“मी कधी कर्ज घेतलेच नाही हो!”

“तीच तर अडचण आहे, सर.”

केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2025 मधील निर्देशांत म्हटलेले असल्यामुळे त्याने माझा अर्ज फेटाळला नाही. फक्त साडेआठऐवजी नऊ टक्के व्याजदर सांगितला. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण 50 लाखांच्या कर्जाला महिन्याकाठी सुमारे 1,600 रुपये आणि 20 वर्षांत सुमारे 3 लाख 80 हजार रुपये जास्त पडतात. एवढ्या रकमेत मला आयुष्यभर उधळपट्टी करता आली असती.

आमच्या शेजाऱ्यांचा फोन, स्कूटर, फ्रीज, सगळे हप्त्यांवर आलेले. त्यांना काटकसरीवर मी दोनदा व्याख्यान दिले होते आणि त्यांनी ते चहा पाजून ऐकून घेतले होते. हप्ता मात्र त्यांनी एकदाही चुकवला नव्हता, आणि त्यांचा स्कोअर 790 होता.

अधिकाऱ्याच्या सल्ल्याने मी मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड घेतले. म्हणजे मला उधारी देण्यासाठी बँकेने माझेच पैसे तारण ठेवून घेतले. या व्यवहारात कोणी कोणावर विश्वास ठेवला, हे मला अजून उमगलेले नाही. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा असे म्हणतात, म्हणून मी कार्डावर साबण घेताना पाकिटातून कॅल्क्युलेटर काढू लागलो. बिलाची मुदत विसाव्या तारखेला असली तरी मी ते बाराव्या तारखेलाच भरत असे आणि रात्री उठून स्कोअर पाहत असे. आपला स्कोअर आपणच पाहिल्याने तो घसरत नाही, हे कळल्यावर पहाटेही पाहू लागलो.

आठ महिन्यांनी आकडा उगवला, 738. अधिकाऱ्याने अभिनंदन केले आणि कार्डाच्या जोडीला एखादे हप्त्यांचे छोटे कर्ज असले तर बरे दिसेल, असे सुचवले. त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे गेलो आणि हप्त्यावर फ्रीज घेताना काय काय पाहावे, असे विचारले. त्यांनी चहा मागवला, चष्मा लावला आणि माझ्या जुन्या फ्रीजला काय झाले, याची आस्थेने चौकशी केली. तो उत्तम चालतो, हे मी त्यांना सांगितले नाही.