मावशीचा डॉलर आणि व्हॉट्सॲपचे लाख

एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय: 'घरात जुना अमेरिकन चांदीचा डॉलर असेल तर तो लाखोंचा. जितका जुना तितका महाग. टांकसाळीचं अक्षर नसेल तर ती चूक, म्हणजे आणखी दुर्मिळ. चुंबकाला चिकटला नाही की अस्सल. विकण्याआधी चकचकीत करा.' यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी वयाचं बघू. अशा जुन्या अमेरिकन चांदीच्या डॉलरांपैकी एक म्हणजे मॉर्गन डॉलर. ते १८७८ ते १९०४ आणि परत १९२१मध्ये पाडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने १८८१ साली सव्वा कोटीहून जास्त पाडले. त्यातला कोरा करकरीत आजही सहज मिळतो. तिथलाच १८९३चा फक्त १ लाख निघाला. वयाने बारा वर्षांनी धाकटा, पण संग्राहक जीव टाकतात तो याच्यावर. १९२१चे तर साडेआठ कोटींहून अधिक आहेत.

बरं, किती पाडले यावरही विसंबता येत नाही. १९१८च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले. कशासाठी? आपल्यासाठी! महायुद्धाच्या धामधुमीत इथले लोक नोटा घेऊन रोकडा रुपया मागत होते आणि सरकारजवळची चांदी आटत चालली होती. वितळवलेली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानसाठी विकत घेतली. आजीच्या डब्यातल्या पंचम जॉर्जच्या रुपयात एखादा मॉर्गन असेलही. कोणत्या सालचे किती डॉलर भट्टीत गेले, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सचा १९०३चा डॉलर जवळपास संपलाच असं धरून लोक त्याला भलती किंमत मोजायचे. १९६२ साली सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच बाहेर आल्या. भाव गडगडला.

टांकसाळीचं अक्षर म्हणजे नाणं कुठे पाडलं हे सांगणारी छोटी खूण. ते नसणं ही चूक नव्हे. फिलाडेल्फियाची टांकसाळ या डॉलरवर अक्षर घालतच नव्हती.

चुंबकाला चांदी चिकटत नाही, तसं तांबं-पितळही चिकटत नाही. वजन करा: २६.७३ ग्रॅम हवं. व्यास ३८.१ मिलिमीटर. दुर्मिळ सालाच्या नाण्याला तेवढंही पुरत नाही, कारण अस्सल डॉलरवर वरून सॅन फ्रान्सिस्कोचा 'एस' चिकटवणारे महाभाग आहेत. तिथे भिंगच लागतं.

राहिली चकाकी. माझ्या मावशीने तिचा १९२१चा डॉलर चिंच आणि राखेने घासून आणला. दिव्याखाली तिरका धरला, तर नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालावर केसासारखे बारीक ओरखडे. कोरं नाणं फिरवलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, त्याचा इथे मागमूस नाही. उरली चांदी: ९० टक्के, म्हणजे २४ ग्रॅम, दोन तोळ्यांहून जरा जास्त. सराफाच्या भावाने हिशेब करून दिला. मावशी म्हणाली, "मग अर्धा तास चिंच कशाला घासली रे मी?"