सरॅट टॅव्हर्न आणि ‘निष्पाप मालकीण’

अमेरिकेत मेरीलँडमधल्या क्लिंटनला जुन्या चौफुलीवर सरॅट कुटुंबाचं टॅव्हर्न, म्हणजे दारू-जेवणाची आणि मुक्कामाची जागा, अजून उभं आहे. लिंकनच्या खुन्याच्या पळवाटेवरचा हा थांबा, म्हणून ऐतिहासिक ठिकाण. त्याच्या फोटोबरोबर एक गोष्ट हमखास फिरते: खुनी जॉन विल्क्स बूथ इथे दडला, इथेच मारला गेला, आणि घर तिचं एवढ्याच कारणावरून मालकीण मेरी सरॅटला फासावर चढवलं.

मारला गेला इथे? छे. बूथ २६ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियात, गॅरेटच्या शेतावर मेला. तिथल्या हमरस्त्यालाही तशी पाटी आहे. दडणंही नाही. १४ एप्रिलला खून करून पळताना मध्यरात्री तो आणि त्याचा साथीदार हेरॉल्ड इथे जेमतेम पाच मिनिटं थांबले. पाय मोडलेला बूथ घोड्यावरून उतरलाही नाही.

शिवाय मेरी तेव्हा टॅव्हर्न चालवत नव्हती. १८६४ च्या शरद ऋतूत ती वॉशिंग्टनला गेली आणि जागा जॉन लॉइडला भाड्याने दिली.

आता ‘केवळ घर तिचं म्हणून’. खरी मेख इथे आहे. खुनाच्या काही आठवडे आधी तिच्या मुलाने आणि साथीदारांनी दोन कार्बाइन बंदुका इथे आणल्या. लॉइडने त्या वरच्या अर्धवट बांधलेल्या खोलीत तुळयांमागे लपवल्या. खुनाच्या दिवशी दुपारी मेरी स्वतः येऊन बूथची दुर्बीण देऊन गेली. लॉइडच्या साक्षीप्रमाणे ‘आज रात्री हत्यारं तयार ठेव’ असंही म्हणाली. रात्री हेरॉल्डने एक बंदूक नेली, बूथने दुसरी नाकारली. ती पुढे तिथल्याच भिंतीच्या पोकळीत सापडली.

लॉइड त्या दिवशी प्यालेला होता आणि स्वतःची मान सोडवायची होती, हे बचाव पक्षाचं म्हणणं वजनदार आहे. मेरी आली होती ती उधारी वसुलीसाठी, असंही सांगितलं गेलं. मला विचाराल तर दुर्बिणीचं उत्तर त्यातून मिळत नाही.

खटला मात्र वादग्रस्तच. आरोपी साधे नागरिक, पण खटला चालला लष्करी आयोगापुढे, म्हणजे सैन्याधिकाऱ्यांच्या न्यायमंडळापुढे. नऊपैकी पाच सदस्यांनी तिची फाशी जन्मठेपेत बदलावी म्हणून अर्ज केला. लिंकननंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन म्हणाले, तो अर्ज आपल्यापर्यंत आलाच नाही. सरकारी वकील होल्ट म्हणाले, दाखवला होता. ७ जुलैला तिला फाशी झाली. परदेशी पळालेला मुलगा जॉन इजिप्तमध्ये सापडला. १८६७ मध्ये त्याच्यावर साध्या न्यायालयात खटला चालला, ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि तो सुटला.