'अर्धवट ज्ञान' म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

लेखात मी लिहिलं होतं की जीए (जिबरेलिन, झाडाच्या वाढीचं संप्रेरक) डेलाला, म्हणजे वाढीवर ब्रेक लावणाऱ्या प्रोटीनला, 'बंद' करतं. त्यावरची तुमची कमेंट काल रात्री वाचली, तेव्हाच लिहायला बसलो असतो तर शब्द वेगळे आले असते म्हणून सकाळपर्यंत थांबलो. आधी तुमचं बरोबर आहे ते: अरॅबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत वापरतात ती मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती) डेला कुटुंबातले जीन ५ आहेत, मी ४ लिहिले होते. दुरुस्त केलंय. भातात एकच आहे हे मात्र बरोबर लिहिलं होतं, ते काही तुम्हाला दिसलं नाही.

आता तुमचं ते वाक्य. "जीए डेलाचा जीन बंद करत नाही, प्रोटीन तोडतं. अर्धवट ज्ञानावर शेतकऱ्यांना शिकवू नका." अहो तोडतंच! जीए पेशीतल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, ती जोडी डेलाला धरते, मग डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनचा 'तोडा' असा शिक्का बसतो, पेशी डेलाचा चुरा करते आणि वाढीवरचा ब्रेक सुटतो. माहितीये मला. विहिरीवरची मोटर बंद केली म्हटल्यावर स्टार्टर दाबला की फ्यूज काढला असं कोणी विचारतं का?

आणि अर्धवट म्हणे. निफाडकडे आमची दोन एकर थॉमसन द्राक्षबाग होती, आठवीपासून डिपिंगला उभा राहिलोय. जीएची पावडर पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून वडील आधी स्टीलच्या वाटीत स्पिरिटमध्ये विरघळवायचे, १ ग्रॅमला २५ लिटर पाणी म्हणजे ४० पीपीएम, मग एकेक घड मगात बुडवायचा, संध्याकाळपर्यंत बोटं सुरकुतलेली. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर घडांच्या बाळ्या (वेल आधाराला गुंडाळते ते तंतू) झाल्या, वडिलांनी कारण विचारलं, मला सांगता आलं नाही. बॉटनीला गेलो तो त्यामुळे. तिथं २००२ चा पेपर हाती लागला. पिनो म्यूनिये द्राक्षाच्या फक्त वरच्या थरातून वाढवलेली बुटकी वेल, तिच्या एका डेला जीनमध्ये बिघाड, त्यामुळे ते प्रोटीन जीएला दादच देत नाही, आणि बाळ्यांच्या जागी चक्क घड! म्हणजे वेलीला बाळीकडे ओढणारं जीएच. त्या दिवशी वडिलांना फोन केला होता. तुम्ही कधी बागेत हात ओले केलेत का ते विचारत नाही.

बाकी भाषा बाळबोध, संदर्भ नाहीत वगैरे, त्यावर काय बोलायचं, हा ब्लॉग आहे, थीसिस नाही.

पुढचा लेख बुटक्या गव्हावर आहे. तिथंही डेलाच, फक्त ब्रेक सुटत नाही. 'बंद' हा शब्द परत येईल, आधीच सांगून ठेवतो.